माश्या झोपल्या का गं?

रात्रीचे अडीच. सकाळी नऊची डेडलाइन, समोर लॅपटॉप, शेजारी कॉफीचा तिसरा मग. आणि माझी रूममेट हॉलमध्ये बसून शूज घालतेय. केसांचा बुचडा, अंगात कॉलेजच्या काळातला स्वेटशर्ट, हातात अ‍ॅक्टिव्हाची किल्ली.

‘माश्या झोपल्या का गं?’ मी विचारते.

‘झोपल्या असतील. त्यांनाच उठवायला चाललेय.’

दार ओढलं जातं. खाली अ‍ॅक्टिव्हा दोनदा खोकते आणि सुरू होते. मी पुन्हा कीबोर्डकडे वळते.

गेली कित्येक वर्षं आमच्या फ्लॅटमध्ये हा सीन अधूनमधून चालूच आहे. आयटीवाल्यांच्या नाइट शिफ्टला निदान कॅब असते, जेवणाचं कूपन असतं. हिच्या नाइट शिफ्टला माश्या असतात! तिचं नाव मी इथे देत नाहीये, कारण थीसिस अजून जमा व्हायचाय आणि तिने तशी सक्त ताकीद दिली आहे. म्हणून नुसतं ‘रूमी’ म्हणू.

रूमी बायोलॉजीत पीएचडी करतेय. विषय झोप. आणि ही झोप ती माणसांत नाही, फळमाश्यांमध्ये शोधते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती चिलटं असतात ना, तीच. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर.

आता खरं सांगा, हसू आलं ना? मलाही यायचं. नुसतं हसून मी थांबले नाही, हा खरा प्रॉब्लेम. पण ते पुढे.

पप्पा झोपलेत

आम्ही दोघी कराडच्या. अकरावी-बारावी सायन्स, एकाच बेंचवर. दोघींच्या घरी एकच स्वप्न, दारावर ‘डॉ.’ लावलेली पाटी. २०१४ ची सीईटी झाली आणि दोन्ही पाट्या एकदमच गळून पडल्या. मी तर सुटकेचा नि:श्वास टाकला. जर्नलमधल्या आकृत्या काढताना माझं हृदय बटाट्यासारखं दिसायचं आणि बटाटा हृदयासारखा. मी आर्ट्सला गेले, मग पुण्यात मास कॉम. रूमीने कराडलाच बीएस्सीला झूऑलॉजी घेतलं. ‘डॉक्टर नाही तर नाही, निदान बीएड तरी करेल,’ अशी तिच्या घरच्यांची स्वत:ची समजूत.

तिचे पप्पा साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना रात्रंदिवस चालतो. पाळ्या तीन : आठ-चार, चार-बारा, बारा-आठ. पाळी आठवड्याला बदलायची. एका आठवड्यात पप्पा रात्री झोपायचे, पुढच्या आठवड्यात दिवसा. त्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेले की काकू दारातच ओठांवर बोट ठेवायच्या. पप्पा झोपलेत. रेडिओ बंद, टीव्ही मुका. कुकरसुद्धा पप्पा उठेपर्यंत गॅसवर चढायचा नाही, शिट्टीने झोपमोड होईल म्हणून. आणि एवढं करून पप्पांना झोप यायचीच नाही. डोळ्यांवर पंचा टाकून ते नुसते पडून राहायचे.

‘दमलेल्या माणसाला झोप का येत नाही?’ हा प्रश्न रूमीने सातवीत असताना आईला विचारला होता. उत्तर मिळालं, ‘नशीब.’

२०१७ साली ती एमएस्सीला पुण्यात आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तिचा फोन. एवढी किंचाळत होती की मला वाटलं लग्न ठरलं! ठरलं होतं नोबेल. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं होतं. शरीरातलं घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, हे त्यांनी उलगडलं आणि ते उलगडलं फळमाश्यांमध्ये. या कथेची सुरुवात तर १९७१ ची. रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याने त्याचे गाइड सेमूर बेन्झर यांच्याबरोबर अशा माश्या शोधल्या होत्या की ज्यांचा दिवस चोवीस तासांचा नव्हताच. काहींचा एकोणीस तासांचा, काहींचा अठ्ठावीस, तर काहींना काही वेळापत्रकच नाही. तिन्ही प्रकारांत बिघाड मात्र एकाच जनुकात.

‘कळतंय का तुला? नशीब नव्हतं ते. घड्याळ होतं,’ ती म्हणाली.

मला काहीही कळलं नव्हतं. मी ‘वॉव’ म्हटलं आणि कॅण्टीनमध्ये चहा प्यायला गेले.

पाच मिनिटांची झोप

डिसेंबर २०१८ ची नेट तिने जेआरएफसह काढली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेत पीएचडीला लागली. त्याच महिन्यात आम्ही हा फ्लॅट घेतला. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातली केळी ही वादाची गोष्ट आहे. ‘घरात चिलटं आली की मला ऑफिसमध्ये बसल्यासारखं वाटतं,’ म्हणून ती केळी आणूच देत नाही.

माशी झोपते हे कसं कळतं? डोळे तर मिटत नाही, घोरत नाही. तर उत्तर असं : काडीएवढी बारीक काचेची नळी, एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापूस, मध्ये एकटी माशी. नळीच्या मधोमध इन्फ्रारेड किरण. माशी इकडून तिकडे गेली की किरण तुटतो आणि कम्प्युटर एक आकडा नोंदवतो. सलग पाच मिनिटं काहीच हालचाल नाही? मग ती झोपली असं धरायचं. माश्यांची ही स्वस्थता म्हणजे खरोखरची झोपच, हे दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं ते २००० साली. रात्रभर जागं ठेवलं तर त्या दुसऱ्या दिवशी जास्त झोपतात. कॉफीतलं कॅफिन दिलं तर झोप उडते. वय झालं की झोप तुकड्यातुकड्यांची होते. आणि दुपारी त्या चक्क वामकुक्षी घेतात, त्यातही नर जरा जास्तच! दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुण्याला ही माशी शोभते की नाही?

हे सगळं करायचं तर माश्या पोसाव्या लागतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून त्यांचं जेवण बनतं. त्याचा आंबूस वास रूमीच्या सगळ्या ओढण्यांना येतो. पंचवीस अंशांना ठेवलं तर अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण दहा दिवस. दोन जातींचा संकर करायचा तर मादी कोरी हवी आणि बाहेर आल्यावर जेमतेम आठ तासच तिची खात्री देता येते. म्हणजे सकाळी बाटल्या रिकाम्या करा, संध्याकाळी परत या आणि कार्बन डायऑक्साइडने गुंगी दिलेल्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली रंगाच्या ब्रशने एकेक करून निवडा. रविवार असो, पाडवा असो, सख्ख्या मावसबहिणीची हळद असो. रात्रीचं काम लाल उजेडात चालतं, कारण लाल रंग माश्यांना जवळपास दिसत नाही.

तिचं कॅलेंडर दहा-दहा दिवसांचं. ‘वीकेण्डला लोणावळा?’ असं विचारलं की ती आधी बोटांवर काहीतरी मोजते आणि मग म्हणते, ‘पुढच्या पिढीत जाऊ.’

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळे गावी पळाले. रूमी राहिली. बॅक्टेरिया गोठवून ठेवता येतात, माश्या सरसकट तशा ठेवता येत नाहीत. त्यांना जिवंतच सांभाळावं लागतं आणि दर काही आठवड्यांनी नव्या खाण्याच्या नळीत हलवावं लागतं. सामसूम रस्त्यावरून, पास दाखवत, ती दर दोन-तीन दिवसांनी लॅबला जायची आणि शेकडो नळ्या बदलून यायची. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, काय वेडी पोरगी आहे!

लॅबच्या बाहेरचं तिचं आयुष्य म्हणजे ढोल. पावसाळा आला की नदीकाठी पथकाची प्रॅक्टिस सुरू होते आणि ही, जी एरवी ब्रशच्या टोकाने माशी उचलते, ती कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास हाणत असते. ‘दहा दिवसांचे गणपती आणि दहा दिवसांची पिढी. बाप्पाला माझं शेड्यूल माहितेय,’ हा तिचा लाडका जोक. बाकी आयुष्य मात्र हळूहळू गळत गेलं. हिंजवडीत काम करणारा एक मुलगा होता. चांगला होता. तीन वर्षं वाट बघून तो कंटाळला. स्थळं यायची. ‘मुलगी काय करते?’ ‘पीएचडी.’ ‘अजून?’ या ‘अजून’चं उत्तर काकूंकडेही नव्हतं. फेलोशिपचा आकडा ऐकून पाहुणे गप्प व्हायचे. सुरुवातीला महिना ३१ हजार, दोन वर्षांनी ३५ आणि २०२३ ची वाढ आल्यावर ४२ हजार, वर घरभाडं. वाईट नाही म्हणाल, पण त्याला पाच वर्षांची एक्सपायरी डेट असते. प्रयोगांना नसते.

माझा विनोद

आता तो लेख. २०२२ मध्ये एका पुरवणीसाठी मला ‘हलकंफुलकं काहीतरी’ हवं होतं. विषय समोरच सोफ्यावर बसला होता. मी लिहिलं, ‘माझी रूममेट माश्या मारते’. शीर्षकावर मीच जाम खूश! माशांना झोपवणारी, त्यांच्यासाठी स्वयंपाक करणारी, लग्नाचं वय टळत चाललेलं असताना माश्यांची लग्नं लावणारी मुलगी. सॉलिड हिट झाला. लोकांनी फोन करून सांगितलं, ‘काय लिहिलंयस!’ लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत कराडला, तिच्या आत्याच्या ग्रुपवर पोचला. नाव दिलं नव्हतं, पण कराडला नावाची गरज लागत नाही.

त्या रात्री काकूंचा तिला फोन आला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, स्पीकर चालू होता.

‘खरंच तेवढंच करतेस का गं तू तिथं?’

रूमी म्हणाली, ‘हो आई, तेवढंच.’

माझ्याशी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी चहा गाळताना एवढंच म्हणाली, ‘छान लिहिलंयस. एक चूक आहे फक्त. झोपली असं धरायला पाच मिनिटं लागतात, तू दोन लिहिलीस.’

मी ‘सॉरी’ म्हटलं. त्या दोन मिनिटांबद्दल म्हटलं, बाकीच्याबद्दल नाही. बाकीचं तेव्हा मला दिसलंच नव्हतं.

तिसरी पाळी

मे २०२४. पाच वर्षं भरायला तीन महिने बाकी. मावसभावाचं लग्न होतं, म्हणून रूमी कधी नव्हे ती दोन दिवस कराडला गेली. त्या वीकेण्डला माश्या ठेवायचा इन्क्यूबेटर बिघडला. पंचवीसवर ठेवलेलं तापमान अडतीसवर गेलं. सोमवारी सकाळी तिने दार उघडलं तेव्हा आतली प्रत्येक नळी शांत होती. आठ महिने खपून, एकेक संकर करून तिने बनवलेल्या जाती. निम्म्यांचा बॅकअप दुसरीकडे होता. उरलेल्यांचा करायचा राहिला होता, ‘लग्नाहून आल्यावर करू’ म्हणून.

ती घरी आली आणि चौदा तास झोपली. उठल्यावर म्हणाली, ‘मी सोडतेय.’

मी काय बोलावं? ‘सोड’ म्हणायला मी कोण आणि ‘नको सोडू’ म्हणायला तरी कोण? मी मॅगी केली. पुढचे दहा-बारा दिवस ती नुसती जॉब पोर्टल बघत पडून होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पप्पा आले. एसटीने, हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी पहाटे तीनच्या आधी त्यांना झोप लागत नाही. त्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर ते हॉलमध्ये अंधारात बसलेले. मी म्हटलं, ‘काका, झोप नाही का?’ म्हणाले, ‘सवय गं पोरी.’ मग थोड्या वेळाने, ‘त्या माश्या दुपारच्या झोपत्यात म्हणं? तूच लिवलंतं.’

त्यांनी तो लेख वाचला होता. नुसता वाचला नव्हता, त्यातून माश्या दुपारी झोपतात एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली होती. विनोद बाजूला ठेवून माहिती उचलणारा तो एकमेव वाचक असावा. माझी मान वर होईना.

सकाळी ते रूमीला म्हणाले, ‘सोडायचं तर सोड. पण एकदा दाखव तरी काय करत हुतीस ते.’

आम्ही तिघं गेलो. पाच वर्षांत मीही पहिल्यांदाच आत गेले, हे लिहिताना लाज वाटतेय. तिच्या टेबलाच्या वर एका बाईंचा फोटो चिकटवलेला. ‘ह्या कोण?’ पप्पांनी विचारलं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज, ती म्हणाली. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियातला. शिकायला डब्लिनला होत्या. तिथे ओबेद सिद्दिकी यांचा पेपर वाचला, पत्र पाठवलं आणि सत्तरच्या दशकात कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये पीएचडीला आल्या. माशीला वास आणि चव कशी कळते, यावर आयुष्यभर काम केलं. २०१० मध्ये गेल्या. पप्पा फोटोकडे बघत राहिले. ‘लांबनं आली म्हणायची,’ एवढंच म्हणाले.

मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मीही लावला. विटेसारखे लाल डोळे, पारदर्शक पंख आणि पुढच्या पायांनी तोंड पुसणं चाललेलं. मी एवढा मोठा लेख लिहिला होता आणि हिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

रूमीने कम्प्युटरवर एक चित्र उघडलं. आडव्या ओळी, एक ओळ म्हणजे एक दिवस. काळे उभे ठिपके म्हणजे माशी जागी, मोकळी जागा म्हणजे झोप. वरच्या ओळींत सगळं नीट, ठिपके एकाखाली एक. मग एका ठिकाणी सगळं विस्कटलेलं.

‘इथं काय झालं?’ पप्पा.

‘इथे मी उजेडाची वेळ बदलली. आठ तास पुढे.’

पप्पा चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. बोट ठेवून ओळी मोजू लागले. एक, दोन, तीन. ‘आता लागली बघ हिला जरा झोप,’ ते म्हणाले. बोट अजून खाली आलं. ‘आणि हितं परत बदलली तू.’

‘हो.’

‘तिसरी पाळी,’ पप्पा म्हणाले.

खोलीत फक्त एसीचा आवाज. रूमीने स्क्रीनवरून नजर हलवली नाही. मी तिच्या गाइडनाही नंतर भेटले, त्यांच्या सेमिनारला जाऊन बसले. पण त्या चित्राचं एवढं नेमकं वाचन मी पुन्हा ऐकलं नाही.

आता

लगेच सगळं सुरळीत झालं, असं काही घडलं नाही. पप्पांनी ‘सोडू नकोस’ म्हटलं नाही. परत जाताना स्वारगेटला एवढंच म्हणाले, ‘मला झोप न्हाई ती न्हाई. पर का न्हाई ते कोण तरी बघतंय, हे बरं हाय.’ रूमी त्यांच्याबरोबर पंधरा दिवस कराडला गेली. परत आली तेव्हा बेंगळुरूच्या एका लॅबने तिच्या काही जातींच्या नळ्या कुरिअरने पाठवल्या होत्या, पूर्वी तिनेच त्यांना दिलेल्या. उरलेल्या तिने पहिल्यापासून बनवायला घेतल्या. सप्टेंबरच्या गणपतीत ढोलही वाजवला, हातांना फोड येईपर्यंत.

फेलोशिप जुलै २०२४ मध्येच संपली. सध्या एका प्रोजेक्टवर तुटपुंज्या पगारावर तिचं भागतं. घरभाड्यातला माझा वाटा वाढलाय आणि ती माझ्या नकळत वहीत हिशोब लिहून ठेवते. थीसिस लिहिणं चालू आहे. माश्यांच्या पाळ्यांमधून तिला काय सापडलं, ते मला आता बऱ्यापैकी माहीत आहे, पण ते आधी तिने लिहायचं, मी नाही. नंतर परदेशात पोस्टडॉक, की कुठे शिकवणं, की हे सगळं सोडून भलतंच काही, तिलाही ठाऊक नाही.

मधे मी तिला म्हटलं, ‘आमच्या वाचकांना शांत झोपेच्या पाच टिप्स दे ना.’ ती म्हणाली, ‘माशीवरून माणसाला टिप्स देता येत नाहीत.’ मी म्हटलं, ‘निदान एक?’ ती म्हणाली, ‘पाळ्या कोण ठरवतं, त्याला विचार.’ त्यामुळे यावेळी टिप्स नाहीत, सॉरी.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी रूमी असेल. मैत्रीण, चुलतभाऊ, बिल्डिंगमधला ‘अजून शिकतोय’ म्हणून हेटाळला जाणारा मुलगा. आपण त्यांना एकच प्रश्न विचारतो : कधी संपणार? मीही पाच वर्षं तोच विचारला. काय दिसलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही आणि जे विचारलं नव्हतं त्यावर लेख मात्र लिहिला. तो लेख परत घेता येत नाही. छापलेलं परत घेता येत नाही, हे मास कॉमच्या पहिल्या वर्षात शिकवतात.

परवा पुन्हा रात्रीचे अडीच. ती लॅबमधून आली, शूज काढले, सोफ्यावर आडवी झाली.

‘माश्या झोपल्या का गं?’ मी विचारलं आणि लॅपटॉप मिटला.

ती जरा चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. मग उठून बसली.

‘सगळ्या नाही,’ ती म्हणाली. ‘सात नंबरच्या नळीतली विचित्र वागतेय. सांगू?’

डेडलाइन सकाळी नऊची होती. मी कॉफी ठेवली. दोन मग.